आजचं मनगट

"आज कुणाची पाळी गं?"

ह्यांचा आवाज आठवला की हेच वाक्य आधी ऐकू येतं. न्हाणीघरातून बाहेर आलेले, डोकं ओलं, खांद्यावर पंचा, आणि हातात कपाटातली लाकडी पेटी. पेटीत चौदा घड्याळं. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात ह्यांची तेहतीस वर्षं गेली. तीन पाळ्यांचे तीन भोंगे अंगात इतके भिनले होते की घड्याळांनाही हे पाळ्या लावायचे.

"पायलट काल राबलंय, त्याला आज रजा. आज जनता कामावर."

मी गॅसपाशी पोळी फिरवत विचारायची, "आणि मला रजा कधी?"

"तुझी जनरल शिफ्ट, त्रिशला. तिला भोंगा नसतो."

हसायचे. मग खिडकीशी जाऊन, उजेड बघून डाव्या मनगटाचा फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे. 'आजचं मनगट' नावाचा तो ग्रुप. ह्यांच्याशिवाय अकरा जण. कुणी कऱ्हाडचा, कुणी गडहिंग्लजचा, कुणी निपाणीचा. सगळे घड्याळवेडे. नियम साधे होते. सकाळी नवाच्या आत फोटो यायला हवा. घड्याळ हातावरच हवं, टेबलावर ठेवलेलं चालायचं नाही. फोटो आजचा हवा. आणि खाली दोन ओळी लिहायच्या, आज हेच का घातलं त्याच्या. नेर्लेकर नावाचे कऱ्हाडचे मास्तर होते, त्यांच्याकडे एकच घड्याळ. ते रोज तेच टाकायचे आणि सगळे रोज त्यांना छेडायचे, "मास्तर, आज काय नवीन?" मास्तर रोज लिहायचे, "काटे."

तो जून महिना. मृग कोरडाच गेला होता. अंघोळीला गेलेले हे बाहेर आले ते शेजारच्या दोन पोरांनी उचलून. डावं अंग गेलं. वाचाही गेली. सव्वीस दिवस सांगलीच्या दवाखान्यात काढून आम्ही इचलकरंजीला घरी आलो. मधल्या खोलीत पाण्याची गादी आली, खाटेच्या कडेला लोखंडी दांडी आली. दोन-दोन तासांनी कूस बदलायची. भात मिक्सरमधून काढायचा. चादरी भिजत घालायच्या. आमची सुमेधा पुण्याला, तिला जुळी पोरं, दोन वर्षांची. आठ दिवस राहून ती गेली. जाताना दारात उभी राहून रडली. मीच म्हटलं, "जा, गाडी चुकेल."

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन चार्जिंगला लावला तर तो तडतडायलाच लागला. चाळीसेक निरोप. "अण्णा, कुठं आहात?" "मगदूम अण्णा, रागावलात काय?" "अण्णा, तुमच्याविना सकाळ होत नाही." मी चष्मा लावला. म्हटलं, काय झालंय ते कळवून टाकावं. बोट अक्षरांवर नेलं. आणि मनात आलं, कळवलं की काय होईल? अकरा वेळा 'अरेरे' येईल, दोन दिवस चौकशी, मग ही सगळी माणसं आपापल्या वाटेनं जातील. आधीच घर एवढं गप्प होतं, की बाहेर मागांचा खडखडाट चालू नसता तर मला माझे कान गेले असं वाटलं असतं.

मी पेटी काढली. जनता घड्याळाला चावी दिली, ह्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं, पांघरूण कोपरापर्यंत ओढलं आणि फोटो काढला. खाली लिहिलं, "थोडी तब्येत बरी नव्हती. आता ठीक."

मिनिटात अकरा सुप्रभात. एकेक वाचून काढली. कुणी लिहिलं होतं, "जपा हो अण्णा. रात्री झोप लागते ना?"

झोप लागते का, असं मला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

मग रोजच ते सुरू झालं. सहाला उठायचं, ह्यांचं सगळं उरकायचं, पेटी काढायची. हात ह्यांचा, घड्याळ ह्यांचं. दोन ओळी तेवढ्या माझ्या. मला कुठलं लिहिता येतंय? सातवी शिकलेली बाई. पण माझी आई जात्यावर बसली की सुचेल ते ओवीत घालायची. दळणातला खडासुद्धा तिनं ओवीत घातला होता. त्यातलं काहीतरी माझ्या बोटात उतरलं असणार. एका सकाळी घड्याळाकडं बघता बघता लिहून गेले:

सेकंदाचा काटा बाई, सून नव्या घरातली,
धाव सारी तिची, वेळ सांगती थोरली.

ग्रुप नुसता उसळला. "अण्णा, तुम्ही कवी कधी झालात?" "मगदूम अण्णा, ही कुठं लपवून ठेवली होती?" नेर्लेकर मास्तरांनी लिहिलं, "मी ही वर्गात फळ्यावर लिहिली." त्या दिवशी चादरी पिळताना मी किती दिवसांनी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी आणखी. लोक घड्याळ बघायच्या आधी ओवी मागायला लागले. जवळजवळ सहा महिने. ह्यांच्या नावानं.

एकच भीती होती. कुणाला कळलं, तर ही सकाळ माझ्या हातून जाईल. म्हणून फोन आला की उचलायचा नाही, 'बाहेर आहे, नंतर बोलतो' असं लिहायचं. चौदापैकी एक घड्याळ मी पेटीच्या तळाला ढकलून ठेवलं होतं. सिको. धाकट्या दिरांनी दुबईहून आणलेलं, स्टीलच्या साखळीचं. ते ऑटोमॅटिक. त्याला चावी नाही, सेल नाही. माणसाचा हात हलला की आतलं चाक फिरतं आणि घड्याळ चालतं. ज्या हाताला मी ते बांधणार, तो हात हलत नव्हता.

आणि जानेवारीत कुणीतरी काढलं, "येत्या गुरुवारी सगळ्यांनी ऑटोमॅटिक घालायचं. सकाळी आठला एक फोटो, संध्याकाळी पाचला दुसरा. दिवसभर अंगावर राहून कुणाचं किती पुढं, कुणाचं किती मागं, बघू."

नेर्लेकर मास्तरांनी लिहिलं, "माझं ऑटोमॅटिक नाही. मी पंच." आणि खाली, "अण्णा, तुमचा सिको दिसून सात महिने झाले. विकला नाहीत ना?"

"छे," मी लिहिलं. "गुरुवारी बघा."

गुरुवारी सकाळी सिको बाहेर काढला. हातात धरून हलवला, काटा चालू झाला. वार, तारीख, वेळ सगळं लावलं. चामडी पट्टा सैल बांधता येतो, साखळीचं तसं नसतं; ती ह्यांच्या धडधाकट मनगटाच्या मापाची होती. डावा हात तेव्हा पहाटे-पहाटे सुजलेला असायचा. मी साखळी चढवली आणि कडी दाबली. बसेना. पुन्हा दाबली.

ह्यांनी उजवा हात उचलला. हळूहळू तो छातीवरून अलीकडं आणला आणि कडीवर ठेवला.

"थांबा हो," मी म्हटलं, आणि तो हात उचलून बाजूला ठेवला. "एकच मिनिट."

कट् करून कडी बसली. फोटो काढला. ओवी लिहिली. पाचच्या फोटोला पुन्हा झटापट नको म्हणून साखळी तशीच राहू दिली. ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. मला वाटलं, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतोय. असंच मी स्वतःला सांगितलं.

आदली रात्र खोकल्यात गेली होती, ह्यांच्या. बाराला भरवून झाल्यावर मी खाटेपाशी खुर्चीत टेकले. पाच मिनिटं म्हणून टेकले आणि अशी झोपले, की शेजारचे माग बंद पडल्याचं कळलं नाही, पुन्हा सुरू झाल्याचं कळलं नाही. जागी झाले ती फोनच्या आवाजानं.

नेर्लेकर मास्तर: "पाच वाजले. अण्णा, फक्त तुमचं राहिलंय. पंच वाट बघतोय."

बघते तर सिको सव्वानऊलाच थांबलेला. ह्यांचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता. कूस बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी हात घाईनं वर घेतला. घड्याळाच्या कडेची गुंडी ओढून काटे फिरवत पाचावर आणले. हात गरम लागला, जड लागला. पण मी घड्याळ बघत होते, हात बघत नव्हते. काटा दोन मिनिटं मुद्दाम पुढं ठेवला, खरं वाटावं म्हणून. फोटो काढला, टाकला.

"वा अण्णा! दिवसभरात दोन मिनिटं पुढं. सिको तुमच्यासारखाच उतावळा."

मी हुश्श केलं आणि साखळी काढायला गेले. कडी उघडेना.

नखानं करून बघितलं, चमच्याच्या दांड्यानं करून बघितलं. साखळी मांसात बुडाली होती. दोन्हीकडून कातडी फुगून वर आलेली, बोटं जांभळट. ह्यांच्या घशातून एक आवाज आला, भांडं फरशीवर ओढल्यासारखा. मी हात सोडला. आणि तेवढ्यात फोन वाजायला लागला. इक्बालभाई.

इक्बालभाई मुल्ला म्हणजे मिरजेचे घड्याळजी, ग्रुपातलेच. स्टेशन रोडला त्यांचं कपाटाएवढं दुकान. ह्यांची चौदाही घड्याळं त्यांच्या हाताखालून गेलेली. घरी कधी आले नव्हते. पण हे दर दिवाळीला त्यांच्याकडं जाऊन दोन तास बसायचे.

मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाजून थांबला आणि निरोप आला.

"वहिनी, फोन उचला."

अण्णा नव्हे. वहिनी. चौथ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"इक्बालभाई, हे जरा जैन बस्तीत गेलेत, दर्शनाला..."

"वहिनी," ते म्हणाले, "घड्याळ राहू द्या. तो हात बघितला मी. माझ्या अब्बांचा हात दोन वर्षं असाच होता. फोन धरणाऱ्या माणसाचा हात नाही तो. कडी निघते का?"

मी पुन्हा एकदा कडी दाबून बघितली.

"निघत नाही ना? ऐका आता. पकड लावू नका. कातरायला जाऊ नका. हाताखाली दोन उशा घाला, हात छातीपेक्षा वर राहू दे. बोटं दाबून बघा, अण्णांना कळतंय का?"

मी दाबलं. ह्यांनी डोळे आवळले.

"कळतंय," मी म्हटलं.

"अल्लाचे उपकार. मी निघालो. रस्ता सांगा."

उशा घातल्या. हात वर धरून बसले. पाऊण तास मी तो हात धरून होते, आणि त्या पाऊण तासात मी तो सात महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितला. नखं वाढली होती. तळव्याची घडी उमलत नव्हती. मनगटावर चौदा घड्याळांचे चौदा वण असावेत तशा फिक्या रेघा होत्या. मी रोज बांधत गेले, रोज सोडत गेले, आणि त्या मला एकदाही दिसल्या नव्हत्या.

सहाला थोडं कमी असताना दारात स्कूटर थांबली. इक्बालभाई आत आले ते मफलर न सोडताच. ठेंगणे, पिकली दाढी, कपाळावर चढवलेलं भिंग. ह्यांना बघून दारातच क्षणभर थांबले. मग जणू रोजच्या बैठकीला आल्यासारखे खाटेवर टेकले.

"काय अण्णा, एवढा राग? दिवाळीला आला नाहीत. मी चिवडा एकट्यानं संपवला. पोट बिघडलं, पाप तुम्हाला."

ह्यांच्या उजव्या गालाची कड किंचित हलली. सात महिन्यांत ते हसू मी पहिल्यांदा बघत होते.

इक्बालभाईंनी खिशातून पुडकं सोडलं. बारीक सुईसारखं एक हत्यार, इवलीशी हातोडी. भिंग डोळ्यावर ओढलं. "कडीच्या नादी लागायचं नसतं, वहिनी. साखळीला पोटात खिळे असतात. कडीपासून तिसऱ्या दुव्यात. बॅटरी धरा. हलवू नका. अण्णा, मुंगी चावेल एक."

टक. टक. तिसऱ्या ठोक्याला एक खिळा केसाएवढा बाहेर आला. तो त्यांनी नखानं ओढून काढला. साखळी सुटली. मनगटाभोवती लाल खाच राहिली, बांगडीसारखी. हळूहळू बोटांवर रंग चढायला लागला. इक्बालभाईंनी तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कोपराकडं हलकेच चोळत राहिले.

"दिवस मावळेल," मग ते म्हणाले. "तुमच्यात दिवसाउजेडी जेवतात ना? अण्णांना भरवून घ्या आधी. आणि तुम्हीही खा दोन घास. मी बसतो."

मी ह्यांना पेज भरवली. स्वतः उभ्यानं दोन घास ढकलले. इक्बालभाईंना चहा दिला. ते बशीत ओतून पीत होते आणि पेटीतली घड्याळं एकेक उचलून कानाला लावत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"जूनपासून."

"आणि रोजचे फोटो?"

"मी काढायची."

"त्या ओव्या?"

मी मान डोलावली.

"माझी बायको लिहून ठेवते त्या," ते म्हणाले. "फळीवर, डब्यांच्या मागं. मी म्हणायचो, अण्णांना एवढं बायकांचं दुःख कसं कळतं?" ते जरा हसले, मग बशी खाली ठेवली. "उद्या डॉक्टरला बोलवा. सूज बघू दे. आणि वहिनी, ग्रुपवर मी सांगतो सगळं. लपवायचं कशाला? दुसरी कुणी असती तर ही पेटी माळ्यावर गेली असती. तुम्ही माणसाचा शौक जिता ठेवलात. सात महिने! एकटीनं! ऐकताय ना अण्णा? अशी बाई मिळायला मागच्या जन्मी काहीतरी दान केलं असणार तुम्ही."

ह्यांनी डोळे मिटले.

मला गप्प राहता आलं असतं. नुसती मान खाली घातली असती, तरी ते सगळं कौतुक माझं झालं असतं. दुसऱ्या दिवशी अकरा जणांनी मला वहिनी म्हणून सुप्रभात घातली असती. ओव्या माझ्या नावानं मागितल्या असत्या. एवढंच तर मला हवं होतं. आणि ते माझ्या दारात येऊन बसलं होतं, मफलर गळ्यात ठेवून, बशीतला चहा संपवून.

आज ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. पुढची दोन-तीन वर्षं त्या खाटेवर आमची चांगली गेली. उजव्या हातानं हे मला किती काय काय सांगायला शिकले. पण त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं नसतं तर त्यातलं काही घडलं असतं, असं मला वाटत नाही.

मी खाटेच्या त्या बाजूला गेले. ह्यांचा उजवा हात हातात घेतला. तो लगेच मागं ओढला गेला. मी पुन्हा घेतला, या वेळी सैल धरला, सोडवून घेता येईल असा.

"इक्बालभाई, ते तसं नाही," मी म्हटलं, पण बघत होते ह्यांच्याकडं. "ऐका हो. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून नको म्हणत होता."

ह्यांनी डोळे उघडले.

"रोज माझा हात बाजूला सारत होता. भिंतीकडं तोंड करत होता. तुम्हाला तो हात कुणाला दाखवायचा नव्हता, मला कळत होतं. रोज कळत होतं. मी न कळल्यासारखं केलं आणि बांधत राहिले. तुमचा शौक वगैरे काही नव्हतं ते. मी दमले होते हो. तुमच्या नावानं का होईना, सकाळी मला कुणीतरी हाक मारायला हवी होती."